खेळतो तो, जागतो मी

२००७चा पावसाळा. फोंड्याजवळच्या आमच्या घरी इंटरनेट नुकतंच आलं होतं. महिन्याचा ठरलेला डेटा संपला की बिल चढायचं, पण रात्री दोन ते सकाळी आठ कितीही वापरा, फुकट, अशी योजना होती. त्यामुळे माझ्यासारखी बरीच पोरं दोनचा गजर लावून उठायची, आणि ती अभ्यासाला उठत नसत हे घरच्यांनाही ठाऊक होतं. मी संगणक लावायचो, एक काळी खिडकी उघडायचो आणि तिच्यात अक्षरांच्या ओळी वर सरकायला लागल्या की खुर्चीत रेलून बघत बसायचो. एकदा चार वाजता आजी आली. तिची ती उठायचीच वेळ. काय चाललंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, खेळ आहे, पण मला खेळावा लागत नाही, हा प्रोग्रॅम माझ्या वतीने खेळतो. ती बराच वेळ त्या ओळींकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तो खेळटा, मगीर तूं कित्याक जागो?" तो खेळतो, तर तू कशाला जागा?

त्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते 'पोरगा आळशी आणि लबाड होता' एवढ्यावर संपत नाही. ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांत बॉट, म्हणजे आपल्या वतीने खेळणारा असा प्रोग्रॅम, लावणाऱ्यांबद्दल बोलताना लोक मात्र तिथेच थांबतात. मला स्वतःची वकिली करायची नाही. बॉट लावला, पुढे आयडी बॅन झाली, ठीकच झालं. पण बॉट हा खेळाडूच्या चारित्र्यातला दोष मानला की खेळ बनवणारा सहीसलामत सुटतो. पहिला जाब त्याला विचारायला हवा असं माझं मत आहे.

खेळ होता रॅग्नारॉक ऑनलाइन, कोरियात २००२ साली सुरू झालेला. भारतातही त्याचा सर्व्हर आला होता. बॉटचं नाव ओपनकोर. पर्ल भाषेत लिहिलेला, फुकट, कोणीही आतला कोड उघडून बघावा असा. त्याला खेळातली चित्रं दिसतच नसत. सर्व्हर आणि खेळाडूचा संगणक यांच्यात जे निरोप येतात-जातात तेवढेच तो वाचायचा आणि तशाच भाषेत उलट निरोप धाडायचा. एका साध्या टेक्स्ट फाइलीत आपण लिहून ठेवायचं: कुठल्या नकाशात राहायचं, कोणाला मारायचं, रक्त किती टक्क्यांखाली गेलं की खाली बसून विश्रांती घ्यायची, ओझं किती झालं की गावात जाऊन माल ठेवून यायचं. कोणी बोलायला आलं तर काय उत्तर द्यायचं, हेसुद्धा लिहिता यायचं. त्याच्याकडे पुढे येतो.

मला हवं होतं एक कार्ड. माझा गडी तिरंदाज. खेळातल्या पायोन गावाजवळच्या गुहेत धनुष्यवाले सांगाडे फिरतात, त्यांच्यातला एखादा मरताना कार्ड टाकतो, ते धनुष्यात बसवलं की लांबून केलेल्या हल्ल्याचा जोर १० टक्क्यांनी वाढतो. दहाच टक्के. आता ते मिळण्याचा दर बघा. बहुतेक कार्डांचा तेव्हा अधिकृत सर्व्हरवर दर होता ०.०१ टक्के, म्हणजे दहा हजारांत एक. शोधायला आणि मारायला मिळून एका सांगाड्यामागे पंधरा सेकंद धरली, तर दहा हजार सांगाड्यांना जवळजवळ ४२ तास लागतात. एवढं करूनही शंभरातल्या ३७ जणांच्या हाती काहीच लागलेलं नसतं, कारण प्रत्येक सांगाडा नव्याने फासे टाकतो आणि आधीचे नऊ हजार नऊशे नव्याण्णव त्याच्या खिजगणतीत नसतात. वरच्या बाजारातल्या सायबर कॅफेत तेव्हा तासाला वीस रुपये पडत. म्हणजे ८४० रुपये, एका 'कदाचित'साठी. आणि त्या ४२ तासांत शिकण्यासारखं जे काही असतं ते पहिल्या दहा मिनिटांत शिकून होतं.

खेळाडू याला ग्राइंड म्हणतात. मराठीत दळणच म्हणायला हवं. आमच्या आजीचं माहेर सत्तरीतलं. तिथे लहानपणी पहाटे उठून तिने जात्यावर बसून दळलेलं होतं, चारला उठायची सवय तिथूनच आलेली. गावात गिरण आली तेव्हा बायकांना कसं वाटलं, असं मी तिला एकदा विचारलं होतं. जात्याबरोबर ओव्या गेल्या वगैरे काहीतरी ऐकायला मिळेल अशी माझी अपेक्षा, कारण मी शाळेच्या पुस्तकात तसं वाचलेलं. ती म्हणाली, हात सुटले. ओव्यांचं दुःख बहुतेक करून न दळलेल्यांना होतं, असा माझा तेव्हापासूनचा समज आहे.

गिरणीत पीठ दळून आणणाऱ्या बाईला आपण लबाड म्हणत नाही. मग खेळातलं दळण यंत्राकडे देणाऱ्यालाच का म्हणतो? यावर ठरलेलं उत्तर असं, की खेळात श्रम हाच खेळ असतो. धावण्याच्या शर्यतीत स्कूटर चालत नाही. बरोबर. पण शर्यतीत धावणं हेच कौशल्य असतं. पंधरा सेकंदांची तीच कृती दहा हजार वेळा करण्यात कौशल्य कुठलं? ती कृती कोणीही करू शकतो, म्हणूनच तर चारशे ओळींची टेक्स्ट फाइल करू शकते. जे काम एवढ्या बिनडोक यंत्राला जमतं ते माणसापुढे ठेवताना खेळ बनवणाऱ्याच्या मनात काय असेल, ते विचारायला हवं.

मनात असतो महिना. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ साली आला तेव्हा अमेरिकेत त्याची वर्गणी महिन्याला १५ डॉलरच्या घरात होती. अशा खेळात नवी कथा, नवा प्रदेश, नवी लढाई घडवायला माणसं लागतात आणि त्यांना पगार लागतो. ०.०१ हा आकडा लिहायला कोणी लागत नाही. खेळाडूने महिनाभरात सगळं पाहून घेतलं तर दुसऱ्या महिन्याची वर्गणी कोण भरणार? म्हणून मजकुरात पाणी घालायचं. आपल्याकडच्या दूधवाल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

ही थट्टा लोकांनी फार लवकर ओळखली होती. २००२ सालीच प्रोग्रेस क्वेस्ट नावाचा एक खेळ निघाला. त्यात तुम्ही गडी निवडता, नाव देता, आणि संपलं. पुढे खेळ स्वतःशीच खेळतो, पट्ट्या भरत जातात, लेव्हल चढत जाते. विडंबन म्हणून केलेलं, पण माणसांनी तो महिनोन्महिने खरोखर चालू ठेवला. मला ते पटतं. वर चढत जाणाऱ्या आकड्याकडे बघण्यात एक सुख आहे, आणि पोस्टाच्या पासबुकात व्याजाची नोंद करून आणणाऱ्या माणसाला त्या सुखाची ओळख आहे.

आता आजचं बघू. माझा म्हापशाचा भाचा जेवायला बसतो तेव्हा त्याचा मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेला असतो आणि त्यावर एक योद्धा एकटाच धावतो, मारतो, उचलतो, पुन्हा धावतो. मी विचारलं, बॉट? तो म्हणाला, "नाही मामा, ऑटो." बटण खेळातच असतं. २०१६ च्या शेवटी कोरियात लीनेज २ रेव्होल्यूशन आला तेव्हापासून, आणि त्याच्या थोडं आधीही, मोबाइलवरच्या या जातीच्या खेळांत ऑटो बटण ही नेहमीची गोष्ट झाली आहे. कितीतरी खेळांत ते जास्त वेळ चालवायचं, किंवा फोन बंद असतानाही मिळकत चालू ठेवायची, तर पैसे मोजावे लागतात. म्हणजे पाणी घालायचे पैसे वेगळे आणि पाणी काढायचे वेगळे. मी फुकटचा बॉट लावला तो गुन्हा, त्याने विकतचा लावला ते ग्राहकसेवा. या धंद्यात बॉटला विरोध आहे तो तत्त्वाचा नाही, दुकान कोणाचं याचा आहे, असं मला त्या दिवशी बरणीकडे बघताना वाटलं आणि अजून ते मत बदललेलं नाही.

इथवर मी बॉट लावणाऱ्याच्या बाजूने बोललो. आता त्याच्याविरुद्ध, आणि यातलं काही मी स्वतः केलेलं आहे.

दळण घरचं असेल तर गिरणीने कोणाचं नुकसान होत नाही. पण या खेळांत बाजार असतो. प्रत्येक मेलेला राक्षस थोडं नाणं किंवा माल जगात ओततो, दुरुस्ती, औषधं, कर यांत थोडं परत जातं. दिवसाला थोडा वेळ खेळणारी माणसं धरून हा हिशेब बसवलेला असतो. चोवीस तास न थकता मारणारे शंभर गडी त्यात सोडा. नाणं स्वस्त होतं, दुर्मीळ वस्तू हाताबाहेर जाते, आणि रात्री दुकान बंद करून तासभर खेळायला बसणाऱ्या प्रामाणिक माणसाने जमवलेला कच्चा माल कोणी विकत घेत नाही. त्याच्यापुढे दोन वाटा उरतात: खेळ सोडायचा, नाहीतर आपणही बॉट लावायचा. माझ्या पाहण्यातले बॉट लावणारे बहुतेक असे दुसऱ्या वाटेने आलेले. माझ्या गिल्डमधल्यांना, म्हणजे खेळातल्या आमच्या टोळीतल्यांना, विचारलं तर प्रत्येक जण सांगायचा, बाकीच्यांनी लावला म्हणून मी लावला. पहिला कोण, ते कधी कळलं नाही.

यावर उपाय किती अवघड असतो ते रुनस्केपच्या गोष्टीत दिसतं. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा हा खेळ, २००१ चा. बॉट लावून नाणं कमवायचं आणि ते खऱ्या पैशाला विकायचं, हा धंदा इतका माजला की २००७-०८ च्या सुमाराला कंपनीने खेळाडूंमधला मोकळा व्यवहारच आवळला. मित्राला तलवार भेट देणंही जड झालं. धंदेवाल्यांना त्रास झालाच, पण खेळाडू अधिक चिडले, कारण त्यांच्यासाठी देवघेव हीच मजा होती. फेब्रुवारी २०११ मध्ये मोकळा व्यवहार परत आला. त्याच्या पाठोपाठ बॉटही आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने एका दिवसात सुमारे १५ लाख खाती बंद केली. पंधरा लाख! गोव्याच्या लोकसंख्येएवढा आकडा आहे हा. आणि तरीही बॉट संपले नाहीत. पुढच्या काळात व्हेनेझुएलात चलन कोसळलं तेव्हा तिथली माणसं जुन्या रुनस्केपमध्ये हिरवे ड्रॅगन मारून, मिळालेलं नाणं डॉलरला विकून घर चालवत होती. काही हाताने, काही बॉटने. त्यांना कोणत्या तोंडाने लबाड म्हणायचं मला माहीत नाही. खेळणारा मनोरंजनासाठी आलेला आणि त्याच गुहेत शेजारी उभा असलेला पोटासाठी. नियम दोघांना एकच.

पैशापलीकडचं एक नुकसान आहे, आणि ते मला उशिरा कळलं. त्याच पायोनच्या गुहेत एकदा मी स्वतः खेळत होतो, हाताने. समोर एक तिरंदाज आला. मी म्हटलं, 'हाय'. तो म्हणाला, 'हाय, बिझी'. थोड्या वेळाने दुसरा आला. 'हाय'. 'हाय, बिझी'. मी सहज माझी स्वतःची फाइल उघडून बघितली. मीही तेच लिहून ठेवलं होतं, कारण आम्ही सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून ती फाइल उचलली होती. रात्री दोन ते आठ माझ्या तिरंदाजाला कोणी हाक मारली असेल तर त्यालाही हेच ऐकू गेलं असणार.

कॅफेच्या दिवसांत असं नव्हतं. सांगाडे परत उगवेपर्यंत, रक्त भरेपर्यंत खाली बसून राहायला लागायचं, आणि त्या रिकाम्या वेळात शेजारी बसलेल्याशी बोलणं व्हायचं. मडगावचा एक जण असाच ओळखीचा झाला, पुढे त्याच्या लग्नात मी जेवून आलो. आजीला ओव्या गेल्याचं दुःख नव्हतं, कारण तिला दळणाची सक्ती होती. आम्हाला नव्हती. आम्ही हौसेने जात्यावर बसलो होतो आणि तिथे आमच्या ओव्या होत्या. बॉटने दळण वाचवलं ते खरं, पण जात्याभोवती बसायला कोणी उरलं नाही. ऑटो बटणानेही नेमकं हेच केलंय, फक्त पावती देऊन.

सगळे बॉट एका मापाचे नसतात, हेही सांगायला हवं. चवथीला मुंबई-पुण्याहून कोकण रेल्वेने गोव्यात यायचं म्हणून तत्काळ तिकिटासाठी बसलेल्या माणसाला बॉटची व्याख्या शिकवावी लागत नाही. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधारची पडताळणी सक्तीची झाली ती याच कारणाने. तिथला बॉट दुसऱ्याची जागा हिसकावतो, कारण जागाच मोजक्या. खेळातली टंचाई मात्र माणसाने मुद्दाम निर्माण केलेली असते. ०.०१ च्या जागी १ लिहिलं तर सर्व्हरला एक पैसाही जास्त पडत नाही.

आणि काहींना तर जागाही नको असते, मालही नको असतो. फर्मागुडीला इंजिनियरिंग करणारा माझा एक मित्र बॉट लावून मिळालेलं काहीच वापरायचा नाही. बॉट अडकला कुठे, भिंतीपाशी गोल गोल का फिरतो, दोन राक्षस एकदम आले तर आधी कोणता, याच्यातच त्याला गोडी. तो त्यासाठी पर्ल शिकला. एमयूडी या आद्य ऑनलाइन खेळाचे एक निर्माते रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले होते, त्यातला 'शोधक' म्हणजे हाच. त्याच्यासाठी खेळ होता तो काळ्या खिडकीत. उरलेल्या जगाला तो लबाड दिसत होता आणि तो बापडा आमच्यात सगळ्यात जास्त खेळत होता.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत ग्लायडर नावाचा वॉरक्राफ्टचा बॉट विकणाऱ्या कंपनीविरुद्ध वॉरक्राफ्ट बनवणाऱ्या ब्लिझर्डने खटला लढवला. डिसेंबर २०१० मध्ये तिथल्या अपील कोर्टाने एक बारीक पण महत्त्वाचा फरक केला: बॉट वापरणं हा कराराचा भंग आहे, पण तेवढ्याने ते कॉपीराइटचं उल्लंघन होत नाही. बॉट पकडणाऱ्या यंत्रणेला चकवणारं साधन विकणं मात्र बेकायदेशीर ठरलं. दक्षिण कोरिया आणखी पुढे गेला आणि असे प्रोग्रॅम बनवून पसरवणाऱ्याला तुरुंगाची तरतूद केली. मला अमेरिकी कोर्टाचा फरक शहाणपणाचा वाटतो. खेळाडूने करार मोडला, त्याला खेळाबाहेर काढा. चोर म्हणू नका.

आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा जो कायदा केला त्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळण्यावर आहे. समजण्यासारखं आहे. पण आम्हा गोवेकरांना यात एक गंमत दिसते. मांडवीतल्या कॅसिनोंत जुगार खेळायला गोवेकरांना २०२० पासून मज्जाव आहे. तिथल्या यंत्रात जे गणित फिरतं, कधीतरी मिळेल, कधी ते सांगत नाही, तेच गणित पैशाऐवजी तास लावून भाच्याच्या मोबाइलमध्ये फिरतं, आणि त्याच्या दारात कोणी ओळखपत्र बघत नाही. पैसा जातो तेव्हा आपल्याला ते नुकसान वाटतं. पावसाळ्यातल्या रात्री गेल्या त्या कोणी मोजल्या नाहीत, मीसुद्धा नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. चीनने २०१७ मध्ये आणि कोरियाने २०२४ मध्ये खेळांतल्या विकतच्या बंद पेट्यांमधून काय निघण्याची शक्यता किती, ते जाहीर करायला कंपन्यांना भाग पाडलं. तसं तासांचंही करा. वस्तूच्या नावाखाली लिहा: सरासरी ४२ तास. औषधाच्या पाकिटावर लिहितात तसं, वाचता येईल एवढ्या अक्षरांत. मग ज्याला बसायचंय तो बसेल, ज्याला नाही तो पहिल्याच दिवशी उठेल, आणि कदाचित खेळ बनवणाऱ्यालाच तो आकडा लिहिताना लाज वाटेल. बॉट पकडायचे तर जरूर पकडा, पण शेकडो माणसं तीच एक जागा यंत्रावर सोपवत असतील तर त्या जागेचीही चौकशी लावा.

ते कार्ड मला सांगाड्यांकडून कधीच मिळालं नाही. तीन महिने बॉट चालला, गुहेतला सगळा किरकोळ माल विकून झेनी, म्हणजे खेळातलं नाणं, साठली, आणि शेवटी खेळातल्या प्रोंटेरा शहराच्या चौकात रांगेने मांडलेल्या दुकानांतून मी ते विकत घेतलं. विकणाऱ्याचं नाव म्हणजे सात-आठ अक्षरांची निरर्थक ओळ होती, कीबोर्डवर हात टेकला की उमटते तशी. मी त्याला 'थँक्स' म्हटलं. तो म्हणाला, 'हाय, बिझी'.